आधी मुक्काम ठरवा, मग व्हिसा
वाचकांचे प्रश्न : परदेशवारी आणि कायदा

कऱ्हाडच्या तहसील कचेरीसमोर माझे वडील टाइपरायटर घेऊन बसायचे. वारस नोंद, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र असे सगळे अर्ज ते करून द्यायचे. समोर माणूस बसला तरी लगेच कागद चढवत नसत. आधी म्हणायचे, "तुम्हाला नक्की काय पाहिजे ते सांगा, अर्जाचं नंतर बघू." पुष्कळदा पाच मिनिटांच्या बोलण्यात कळायचं, की माणूस मागायला आलाय एक आणि त्याला हवंय दुसरंच.

मी पुण्यात कायदा शिकले, अमेरिकेत येऊन एलएलएम (कायद्याची पदव्युत्तर पदवी) केलं, न्यूयॉर्कची बार परीक्षा (वकिलीच्या सनदेची परीक्षा) दिली आणि गेली सोळा वर्षं न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये फक्त इमिग्रेशनचं काम करते. (न्यूयॉर्कची सनद न्यू जर्सीत कशी चालते, असं बरेच जण विचारतात. इमिग्रेशन हा इथे केंद्राचा कायदा आहे, त्यामुळे एका राज्याची सनद असलेला वकील हे काम कुठल्याही राज्यातल्या माणसासाठी करू शकतो.) या वेळच्या पत्रांमध्ये अमेरिकेबद्दलच विचारणा जास्त आहे, आणि मला खात्रीने बोलता येतं तेही तिथलंच. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवली आहेत.

प्रश्न : ताई, माझी मुलगी डॅलसला असते. तिला सातवा महिना लागलाय. तिचं पहिलंच बाळंतपण म्हणून मी व्हिसासाठी मुंबईला गेले होते. एजंटने बजावलं होतं, बाळंतपणाचं नाव काढायचं नाही, फिरायला जाते म्हणून सांगायचं. खिडकीतल्या साहेबांनी विचारलं, कुठे फिरणार? मी नायगारा म्हटलं. मग म्हणाले, मुलगी कुठे राहते, तिथून नायगारा किती लांब? मला काही सांगता येईना. त्यांनी एक कागद हातात दिला, पासपोर्ट परत केला. एवढी मोठी फाइल नेली होती, घराची कागदपत्रं, एफडी, सगळं. उघडून पाहिलीसुद्धा नाही. आता पुन्हा अर्ज करू का? की नाव कायमचं काळ्या यादीत गेलं? – एक आई, सांगली

उत्तर : काळ्या यादीत काही गेलेलं नाही, मावशी. तुमच्या हातात दिला तो कागद २१४(बी) कलमाचा. अमेरिकेचा इमिग्रेशनचा मूळ कायदा १९५२ चा. त्यातलं हे कलम सांगतं, की भेटीला येणारा प्रत्येक माणूस कायमचा राहायलाच आलाय असं अधिकाऱ्याने धरून चालायचं, आणि तसं नाही हे अर्जदाराने पटवून द्यायचं. म्हणजे तुम्ही काही गुन्हा केला असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तुमचं परत येणं त्यांना पटलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. या नकारावर अपील नसतं. पण पुन्हा अर्ज करायला बंदीही नसते. नवा फॉर्म, नवी फी (सध्या १८५ डॉलर, पहिली परत मिळत नाही) आणि नवी मुलाखत.

आता फाइलीचं. तुमच्यासारख्या शेकडो आया ती जाड फाइल छातीशी धरून मुंबईत बीकेसीतल्या वकिलातीसमोर उभ्या असतात आणि ती उघडली नाही याचं त्यांना फार वाईट वाटतं. अधिकाऱ्याकडे एका माणसासाठी दोन-तीन मिनिटं असतात. तुमचा ऑनलाइन भरलेला डीएस-१६० फॉर्म त्याच्यासमोर पडद्यावर असतो. त्यात काय लिहिलंय आणि तुम्ही तोंडाने काय सांगताय, हे जुळतं का, एवढंच तो पाहतो. तुमच्या फॉर्मवर मुलगी डॅलसची, पत्ता डॅलसचा, राहण्याची मुदत पाच महिने, आणि तोंडी उत्तर नायगारा. डॅलसहून नायगारा म्हणजे जवळजवळ अर्धा देश ओलांडायचा. नायगाऱ्यासाठी पाच महिने कोण राहतं? त्यांना शंका आली ती इथे.

मला त्या एजंटचा राग येतो तो याचसाठी. लेकीच्या बाळंतपणाला आईने जाणं हे या व्हिसाचं अगदी वैध कारण आहे. नातेवाइकांना भेटणं याच सदरात येतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. त्याने तुमचं खरं, सरळ कारण काढून घेतलं आणि हातात खोटं दिलं. एक गोष्ट मात्र तुमच्याकडून चांगली झाली. "मुलीला दिवस गेलेत का?" असं त्यांनी थेट विचारलं नाही, आणि तुम्हाला "नाही" म्हणावं लागलं नाही. महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटं बोलल्याचा शेरा एकदा बसला, की अमेरिकेचं दार जन्मभरासाठी बंद होऊ शकतं. ते उघडायला मग विशेष सवलतीचा अर्ज करावा लागतो आणि तो अवघड असतो. २१४(बी) ही पुढच्या वेळी पुसता येण्याजोगी शंका आहे, खोटेपणाचा शेरा तसा नाही.

पुन्हा अर्ज करा. फॉर्ममध्ये "पूर्वी व्हिसा नाकारला होता का" या प्रश्नाला "हो" लिहा, तारीख लिहा. फॉर्म भरायला कुणी मदत केली असेल तर तेही विचारतात, तेही लिहा. कारण विचारलं की सांगा, "मुलीचं पहिलं बाळंतपण आहे, अमुक महिने राहून परत येणार." मग तुमचं सांगलीतलं आयुष्य दोन वाक्यांत सांगा. पत्रात तुम्ही लिहिलंय की यजमानांचं दुकान आहे, धाकटा बारावीत आहे. बारावीची परीक्षा असलेला मुलगा घरी ठेवून आई परदेशी राहत नाही, हे कुणालाही समजतं. एफडीच्या पावतीपेक्षा ते एक वाक्य वजनदार आहे.

हे मी ठामपणे सांगते त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. व्यवसायाच्या तिसऱ्या वर्षी मी एका आईंचा फॉर्म त्यांच्या मुलाशी फोनवर बोलून भरला. त्यांच्याशी मी बोललेच नाही. पूर्वीच्या नकाराचा प्रश्न आला तेव्हा मुलगा म्हणाला, "नाही, पहिलीच वेळ." पण चौदा वर्षांपूर्वी त्या आई स्वतःच्या बहिणीकडे जायला म्हणून मुलाखतीला गेल्या होत्या आणि नकार मिळाला होता. मुलाला ते माहीतच नव्हतं. खिडकीवर ते निघालं आणि माउली खोटी ठरली. ते निस्तरायला दीड वर्ष लागलं, तोवर नातू चालायला लागला होता. त्या दिवसापासून मी ज्याचा अर्ज त्याच्याशी स्वतः मराठीत बोलल्याशिवाय एकही रकाना भरत नाही.

आणखी एक सांगते. अमेरिकेत गेल्यावर शेजारच्या मराठी घरातून विचारणा होईल, "काकू, आमच्या बाळालाही सांभाळाल का, महिन्याचे अमुक देऊ." किंवा पोळ्यांचे डबे करून द्याल का. नाही म्हणा. स्वतःच्या नातवाला न्हाऊमाखू घालणं वेगळं. पैसे घेऊन दुसऱ्याकडे काम करणं या व्हिसावर चालत नाही, मग ते कितीही घरगुती असो.

प्रश्न : मी ओहायोत असतो, मागच्या वर्षी नागरिक झालो. वडील गेल्यापासून आई नांदेडला एकटी आहे, तिला ग्रीन कार्डवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) आणायचंय. अडचण नावाची. आईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव सुमन. लग्नात नाव बदललं, पासपोर्टवर वैशाली. माझ्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव "वैशालीबाई". तिचा स्वतःचा जन्म कुठेही नोंदलेला नाही. शाळेत १ जून १९५५ लावलाय, पण ती म्हणते मी दिवाळीच्या पाडव्याची. सगळीकडे एकच नाव करून घ्यावं का? गॅझेट करू का? – एक मुलगा

उत्तर : तुमचं पत्र वाचताना मला माझ्या कपाटातल्या निम्म्या फाइली दिसल्या. १ जून हा मराठी माणसाचा सर्वांत मोठा वाढदिवस आहे. जूनमध्ये शाळा उघडायची, गुरुजी अंदाजाने वय बसवायचे आणि तारीख टाकायचे १ जून. इथल्या अधिकाऱ्याला ते माहीत नसतं. त्याला एकाच तारखेला जन्मलेले नवराबायको आणि मेहुणा दिसतात आणि तो पेन खाली ठेवतो.

पहिलं उत्तर, नाही. सगळीकडे एकच नाव करायला जाऊ नका. जुना कागद जसा आहे तसाच राहू द्या. त्याची किंमत तो जुना आहे यातच आहे. २०२६ मध्ये काढलेलं गॅझेट पुढच्या नावासाठी ठीक, पण १९५५ साली काय झालं ते त्यावरून सिद्ध होत नाही. उलट अधिकारी विचारतो, हे आत्ताच का काढलं? तीच गोष्ट जन्माच्या उशिरा नोंदीची. एक वर्षापेक्षा जुना जन्म असेल तर आपल्याकडे जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या दंडाधिकाऱ्याचा आदेश घेऊन नोंद करता येते. पण सत्तर वर्षांनी झालेल्या नोंदीला इथे फारसं वजन नाही.

तुम्हाला साखळी जोडायची आहे. सुमन म्हणजेच वैशाली, आणि वैशाली म्हणजेच तुमच्या दाखल्यावरची वैशालीबाई, असे दोन दुवे. पहिल्या दुव्यासाठी लग्नाचा पुरावा. नोंदणी नसेल तर अजूनही होते. १९९८ च्या महाराष्ट्राच्या विवाह नोंदणी कायद्याखाली जुन्या लग्नाचीही नोंद करतात. लग्नपत्रिका, लग्नातला एखादा फोटो आणि साक्षीदार लागतील. वडील हयात नाहीत, त्यामुळे ग्रामसेवक किंवा नगरपालिकेचा कारकून कदाचित टाळाटाळ करेल. मग पत्रिकाच हुडका. पत्रिकेवर "चि. सौ. कां. सुमन" आणि खाली तुमच्या वडिलांचं नाव असेल, तर ते पिवळं पडलेलं कार्ड माझ्या दृष्टीने सोन्यासारखं आहे. आत्याच्या किंवा मामाच्या ट्रंकेत ते हमखास असतं.

जन्माची नोंद नसल्याचा दाखला ("अनुपलब्धता प्रमाणपत्र" म्हणा, कारकुनाला कळेल) जन्मगावच्या नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून घ्या. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ चा, त्याआधी खेड्यातल्या नोंदी विस्कळीत होत्या, त्यामुळे हा दाखला मिळणं नवलाचं नाही आणि अमेरिकेलाही तो चालतो. त्याच्या जोडीला शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. इथे लोक कंजुषी करतात. स्टँप पेपरवर नोटरीकडचा ठरलेला मजकूर, "सदर व्यक्ती एकच आहे", आणि खाली सही. त्याचा काही उपयोग नाही. मामांनी लिहावं की मी सुमनचा थोरला भाऊ, ती झाली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, घर अमुक गल्लीत होतं, सुईण कोण होती, लग्नात तिचं नाव वैशाली ठेवलं तेव्हा मी मांडवात होतो. मामांना हे कसं ठाऊक, हे त्या कागदावर दिसलं पाहिजे.

"बाई"चं मी पाहते. अशा प्रत्येक फाइलीत मी एक परिच्छेद घालते. मराठी रीतीत स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं होतं, आडनाव बदलतं, आणि पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहून पहिलं नावही बदलतात. "बाई", "राव" ही आदराची जोड आहे, नावाचा भाग नाही. हा परिच्छेद लिहिताना मला दर वेळी वाटतं, की एका बाईची तिन्हीच्या तिन्ही नावं एका दुपारी बदलली आणि ती तीच आहे हे सिद्ध करायचं ओझं सत्तराव्या वर्षी तिच्याच डोक्यावर आलं. म्हणून अर्जातल्या "इतर नावं" या रकान्यात सुमन हे नाव ठळक लिहा. ते लपवायचं काही कारण नाही.

तारखेचं सोपं आहे. पासपोर्टवर, पॅनवर, पेन्शनच्या कागदावर १ जून असेल तर १ जूनच ठेवा, सगळीकडे. पाडवा घरी साजरा करा. मराठीतल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याची "मला दोन्ही भाषा येतात आणि हे अचूक आहे" अशी सही जोडा. त्यासाठी महागडी संस्था लागत नाही.

प्रश्न : मुलाला मास्टर्ससाठी पाठवतोय. कन्सल्टंट म्हणतो, खात्यात चाळीस लाख दाखवावे लागतील, आम्ही पंधरा दिवसांसाठी ठेवून देतो, दोन टक्के घेऊ. सगळे करतात म्हणे. – एक वडील, अहिल्यानगर

उत्तर : करू नका. तुमच्या खात्यात नसलेले पैसे तुमचे म्हणून दाखवणं ही फसवणूक आहे, आणि शिक्षा त्या कन्सल्टंटला होत नाही, तेवीस वर्षांच्या मुलाला होते. सांगलीच्या मावशींना जे सांगितलं तेच दार, जन्मभरासाठी बंद. विद्यापीठ प्रवेशासोबत देतं त्या आय-२० या कागदावर पहिल्या वर्षाचा खर्च छापलेला असतो, तेवढ्याची खरी सोय दाखवा. राष्ट्रीयीकृत बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर झाल्याचं पत्र त्यासाठी उत्तम. आजोबांनी प्लॉट विकून पैसे दिले असतील तर खरेदीखताची प्रत ठेवा. आणि तेवढीही सोय होत नसेल, तर मुलाला एक वर्ष थांबवा. कर्जाने वाकलेला, फी भरायला पेट्रोल पंपावर चोरून काम करणारा मुलगा मी या शहरात पाहिलाय. पकडला गेला तेव्हा आईवडिलांना फोन करायचंही त्याला धैर्य नव्हतं.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. मुलगा शिकागोजवळ असतो, नागरिक आहे. तो म्हणतो, तुमच्या दोघांचं ग्रीन कार्ड करून टाकतो, दर वेळी व्हिसाची कटकट नको. सहा महिन्यांनी एकदा येऊन गेलं की झालं. आमची कोरेगावला चार एकर बागायत आहे, आलं करतो. पावसाळाभर मला शेत सोडवत नाही. काय करावं? – एक दांपत्य, सातारा जिल्हा

उत्तर : गुरुजी, तुमचं उत्तर तुमच्याच पत्रातल्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. तरी मुलाला दाखवता यावं म्हणून सविस्तर लिहिते.

एकवीस वर्षांवरचा नागरिक आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागू शकतो, त्याला वार्षिक कोटा नाही, रांग नाही. त्यामुळे ते सोपं वाटतं आणि मुलं प्रेमापोटी ते "करून टाकतात". पण ग्रीन कार्ड म्हणजे मोठ्या मुदतीचा व्हिसा नव्हे. आपलं घर आता अमेरिकेत आहे, असं ते जाहीर करणं आहे. "सहा महिन्यांनी तोंड दाखवलं की झालं" हे मी ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानातही ऐकते, सत्यनारायणाच्या प्रसादाच्या रांगेतही ऐकते. ते खरं नाही. एका वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर पुढे नागरिकत्वाच्या हिशोबात खंड पडल्याचं धरलं जाऊ शकतं. एक वर्षापेक्षा जास्त राहिलात तर कार्डावर परत प्रवेश मिळणंच अडतं. पण पाच-पाच महिने बाहेर राहून मध्ये तीन आठवडे यायचं, असं वर्षानुवर्षं चाललं तरी विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो, "तुम्ही राहता कुठे?" आलं लावणारा माणूस त्याला काय सांगणार? मोठ्या मुदतीसाठी बाहेर जायचं तर पुनर्प्रवेशाचा परवाना मिळतो, दोन वर्षांपर्यंत. त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. तो एखाद्या आजारपणासाठी, घर विकण्यासाठी आहे. दर पावसाळ्यासाठी नाही.

मुलाने कदाचित सांगितलं नसेल असं अजून काही. ग्रीन कार्ड मिळालं की तुमचं जगभरातलं उत्पन्न अमेरिकेच्या करविवरणपत्रात दाखवायचं. तुमची पेन्शन, सोसायटीतल्या ठेवी, पोस्टातल्या योजना, सगळं. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर त्याची वेगळी माहिती द्यायची. पासष्टीपुढचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, तुम्ही इथे काम केलेलं नसल्यामुळे सलग पाच वर्षं कायदेशीर वास्तव्य झाल्यावरच हप्ता भरून घेता येतो. तोवरच्या विम्याचा खर्च मुलावर. त्याने सही केलेली आर्थिक जबाबदारीची हमी कोर्टात लागू होणारी असते.

आणि हे नीट वाचा. मुलाने तुमच्यासाठी अर्ज दाखल केला, की पुढे साध्या भेटीचा व्हिसा मागताना "तुमच्यासाठी कुणी कायम वास्तव्याचा अर्ज केलाय का" या प्रश्नाला हो म्हणावं लागतं. २१४(बी) ची शंका मग तुम्ही स्वतःच लेखी दिल्यासारखी होते. म्हणजे "करून तर ठेवू, लागलं तर वापरू" असं यात नाही.

तुम्हाला माझा सल्ला, भेटीचा व्हिसा घ्या. तो साधारण दहा वर्षांचा मिळतो. दिवाळी झाली की जा, फेब्रुवारीत या. आल्याची लागवड मे महिन्यात, तोपर्यंत तुम्ही बांधावर.

याच्या उलट एक उदाहरण सांगते, म्हणजे मी ग्रीन कार्डाच्या विरोधात आहे असं वाटणार नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक आजी आल्या होत्या. यजमान गेलेले, एकच मुलगी, ती इथे. कोल्हापूरचं घर भाड्याने दिलेलं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. मी विचारलं, "आजी, तुम्हाला कुठे राहायचंय?" त्या म्हणाल्या, "आता तिथे मला हाक मारणारं कोणी नाही." त्यांचं ग्रीन कार्ड मी मनापासून केलं. वरच्या नांदेडच्या आईंचंही तसंच असेल. पण तिच्या मुलाने तिला एकदा विचारावं. त्याच्या पत्रात "आणायचंय" आहे. तिला यायचंय का, ते नाही.

प्रश्न : अकरा दिवसांपूर्वी माझी नोकरी गेली. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आठ वर्षं सिअॅटलला आहे. ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज, आय-१४०, दोन वर्षांपूर्वी मंजूर झालाय. बायको एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) च्या परवान्यावर काम करते, मुलगी दुसरीत. कंपनी आय-१४० मागे घेणार म्हणते. सगळं संपलं का? पुण्याला परत जाऊन तिथून नव्याने यावं का? घरी अजून सांगितलेलं नाही.

उत्तर : संपलेलं नाही. आधी दिवस मोजू. २०१७ पासून नियम आहे, की नोकरी सुटल्यावर साठ दिवसांपर्यंत, किंवा तुमच्या आय-९४ ची (किती तारखेपर्यंत राहता येईल त्या नोंदीची) तारीख त्याआधी संपत असेल तर तोपर्यंत, तुम्ही इथे कायदेशीर राहू शकता. हे साठ दिवस सहसा ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला त्या दिवसापासून मोजतात. नोटीस हातात पडली त्या दिवसापासून नाही. पगाराच्या शेवटच्या पावतीवरची तारीख बघा, कदाचित तुमच्याकडे समजताय त्यापेक्षा जास्त दिवस असतील.

तुमचा आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटलेत. आता कंपनीने तो मागे घेतला तरी तुमची ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख जात नाही, आणि एरवीच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढे एच-१बी वाढवायचा आधारही राहतो. नव्या कंपनीने साठ दिवसांत अर्ज दाखल केला, की तो मंजूर व्हायची वाट न पाहता तुम्ही कामाला लागू शकता. एच-१बीची लॉटरी (सोडत) पुन्हा नाही. तेवढ्यात नोकरी जमली नाही, तर मुदत संपायच्या आत भेटीच्या दर्जासाठी अर्ज करता येतो. त्यात काम करता येत नाही, शोधता येतं. पुढे आत राहूनच एच-१बीवर परतणं मात्र गुंतागुंतीचं होतं, म्हणून साठ दिवसांत नव्या कंपनीचा अर्ज जाणं केव्हाही चांगलं. बायकोचा एच-४ आणि कामाचा परवाना तुमच्या दर्जावर टांगलेला आहे, हे तिच्या कंपनीलाही आत्ताच सांगा. कदाचित तीच कंपनी तिच्यासाठी काही करू शकेल.

पुण्याला जाऊन नव्याने यायचा विचार आज करू नका. राष्ट्राध्यक्षांच्या १९ सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने बाहेर असलेल्या माणसासाठीच्या नव्या एच-१बी अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम लावली. पुढच्याच महिन्यात इमिग्रेशन खात्याने स्पष्ट केलं, की देशात राहून मंजूर होणाऱ्या कंपनीबदलाला आणि मुदतवाढीला ती लागू नाही. अर्ज प्रलंबित असताना देश सोडला तर चित्र बदलतं. तिकीट काढायच्या आधी वकिलाशी बोला, माझ्याशीच बोला असं नाही. आणि परत जायचंच ठरलं, तर मुदतीआधी काढून टाकलेल्या एच-१बी कर्मचाऱ्याच्या परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीने द्यायचा असतो. फक्त तुमचा, कुटुंबाचा नाही. तो मागा.

घरी सांगा. आईला कळेल या भीतीत आणखी एकोणपन्नास दिवस काढू नका. या दिवसांत तुम्हाला सकाळी नीट झोपून उठलेला मेंदू लागणार आहे.

प्रश्न : दहा वर्षांचा व्हिसा मिळालाय. म्हणजे सलग दोन वर्षं राहू शकते ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ मध्ये असते. ती आता कागदावर मिळत नाही, संकेतस्थळावरून मुलाकडून काढून घ्या आणि फ्रिजवर लावा. तारीख उलटली तर तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द होतो. १८० दिवसांपेक्षा जास्त उलटून मग बाहेर पडलात तर तीन वर्षं प्रवेशबंदी, वर्षभर किंवा त्याहून जास्त उलटलं तर दहा वर्षं.

प्रश्न : माझं वय एक्याऐंशी. माझ्या मैत्रिणीचा व्हिसा पूर्वी मुलाखतीशिवाय झाला होता, मला बोलावलंय. मला इंग्रजी येत नाही, ऐकायलाही कमी येतं. नातसून म्हणते, चार वाक्यं पाठ करा. माझ्यामुळे नकार मिळेल का, या भीतीने झोप नाही. – एक आजी, बारामती

उत्तर : आजी, २ सप्टेंबर २०२५ पासून एकोणऐंशीच्या वरच्यांची मुलाखतीची सरसकट सूट काढून टाकली आहे. तुमचं काही चुकलेलं नाही. पाठ काही करू नका. पाठ केलेलं इंग्रजी वाक्य अर्धं विसरलं की माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस लपवतोय असं वाटतं. मुंबईत मराठीत बोलता येतं. वेळ घेतानाच नातवाला भाषेच्या रकान्यात मराठी निवडायला सांगा. कानाचं यंत्र लावून जा, आदल्या रात्री त्याचे सेल बदला. ऐकू आलं नाही तर सरळ म्हणा, "परत सांगा, मला कमी ऐकू येतं." कुणाकडे जाणार, किती दिवस, परत कधी येणार, एवढंच विचारतील. तुमचं खरं उत्तर तुम्हाला पाठच आहे. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, म्हणून नातवाला कुठे उभा राहशील ते आधीच ठरवून घ्या. चष्मा पर्समध्ये न ठेवता डोळ्यावरच असू द्या. आणि सकाळची गोळी घ्यायला विसरू नका, रांग लांब असते.